पुंडलिकची महाधमनी

भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
दि. ९ सप्टेंबर २०२४

चि. पुंडलिकास,

रत्नमालाताईचा जयभीम आणि आशीर्वाद. आशीर्वाद मोठी बहीण म्हणून देते आहे, तू त्याला लायक आहेस म्हणून नव्हे.

पत्रास कारण की, काल तुझ्या बायकोनं तिच्या मोबाइलवरून मला एका कागदाचा फोटो पाठवला. गीताबाईला मेथीचं बी ठेवायला जाड पाकीट हवं होतं. तुझ्या कपाटात सुतळीनं बांधलेलं एक सापडलं, ते तिनं फोडलं. आत तुझ्या छातीच्या सी.टी. स्कॅनचा अहवाल निघाला. फेब्रुवारीतला. तुझा खोकला हटत नव्हता तेव्हा काढलेला. तो सात महिने बंद का राहिला असं मी तिला फोनवर विचारलं. ती म्हणाली, पाकिटावर डॉक्टरचं नाव हाय, आपलं नाय, कुणी हात लावायचा नाय, असं ह्यांनीच बजावलं होतं.

अडतीस वर्षं पोस्टात घालवून तू एवढाच उजेड पाडलास का रे? पाकिटावर ‘प्रति, डॉक्टर’ असं होतं म्हणून तू ते घेऊन तालुक्याला गेलास. डॉक्टरांची बदली फर्दापूरला झाली होती, म्हणून तिकडं रजिस्टर केलंस. ते ‘सदर इसम येथे राहत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आलं, तेव्हा साहेबांनी ते कपाटात ठेवून दिलं. तोवर खोकला थांबला होता, मग काय, काम संपलं. छाती तुझी, फोटो तुझ्या छातीचा, आणि मालक कोण तर बदलून गेलेला डॉक्टर! एवढा नियमाचा माणूस पंचक्रोशीत नसेल आणि एवढा गाढवही नसेल.

आता नीट वाच. हृदयातून जी मुख्य रक्तवाहिनी निघते तिला महाधमनी म्हणतात. ती सुरुवातीला साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद असते. तुझी फेब्रुवारीत पाच पूर्णांक सहा होती. सायकलच्या ट्यूबला फुगा येतो, तसा तिला फुगा आला आहे. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तुझ्यासारख्याला वाटतं सगळं झकास चाललंय. तो फाटला की माणूस बहुधा दवाखान्याच्या पायऱ्यासुद्धा चढत नाही. सव्वीस वर्षं मी हृदयाच्या ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून उभी होते, कुणाच्या ओट्यावर ऐकलेलं सांगत नाही.

जड उचलू नकोस, रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस, आणि तुझ्या पोराला, संघपालला, लासूर स्टेशनहून बोलावून ह्या आठवड्यात इथं ये. फोन तू वापरत नाहीस, गीताबाईच्या फोनवर आलास की आपण दोघं ओरडतो आणि ती मधेच बंद करते, म्हणून हे कागदावर. गीताबाईला माझा जयभीम सांग. त्या घरात पाकीट फोडायची अक्कल तिलाच आहे.

रागावलेल्या बहिणीवर जमेल तेवढा लोभ ठेव.
तुझी,
रत्नमालाताई


देवगाव रंगारी
दि. १४ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,

पुंडलिकचा सविनय जयभीम. विनय किती आहे ते पुढं दिसेलच.

पत्र मिळालं. दुसऱ्याच्या नावाचं टपाल फोडणं हा गुन्हा आहे. तो माझ्या घरात माझ्या बायकोनं केला, आणि माझी सख्खी बहीण तिची पाठ थोपटते. माझ्या हातून अडतीस वर्षांत एक पोस्टकार्ड इकडचं तिकडं झालं नाही. तुमच्या दवाखान्यांसारखं नाही, जिथं माणसाला बाहेर बसवतात आणि त्याच्याच शरीराची बातमी बंद पाकिटात घालून तिसऱ्याच्या नावानं पाठवतात. गाढव कोण ते तूच ठरव.

तुझा हुकूम होता म्हणून संघपालबरोबर परवा शहरात येऊन गेलो. तुझ्याकडं मुद्दाम आलो नाही. चहाबरोबर भाषण पचत नाही. नवीन स्कॅन झाला. आता पाच पूर्णांक नऊ आहे. तुझ्या जुन्या दवाखान्यातला तो सर्जन भेटला. पोरगा संघपालपेक्षा लहान दिसतो. मी समोर बसलेलो, आणि तो बोलतोय कॉम्प्युटरशी. म्हणे छातीचं हाड मधोमध कापणार, शरीर बर्फासारखं थंड करणार, हृदय थांबवणार, फुगलेला भाग कापून तिथं विणलेल्या कापडाची नळी शिवणार, मग हृदय परत चालू करणार. परत चालू झालं नाही तर काय, असं मी विचारलं. तो हसला. बाकीचं भरती झाल्यावर सविस्तर सांगतो म्हणाला. हसणाऱ्या माणसाला मी पुढं काही विचारत नाही. उठून आलो.

तुला मात्र विचारतो, कारण तू कशीही असलीस तरी आजवर मला गोड बोलून फसवलं नाहीस. सांडूमामा तुला आठवतात. एका सकाळी झटका आला आणि सात वर्षं खाटेवर पडले. बोलता येत नव्हतं, हात उचलत नव्हता. भामामामीनं सात वर्षं घास भरवले, कूस बदलली, सगळं केलं. शेवटी ती त्यांच्याकडं बघायचीसुद्धा नाही, नुसते हात चालायचे. मी रोज टपाल वाटून परतताना त्यांच्याजवळ बसायचो. ते डोळ्यांनी काय मागायचे ते मला कळायचं, आणि मी देऊ शकत नव्हतो.

मरायची मला भीती नाही. त्रेसष्ट झाली, पुष्कळ झालं. पण गीताबाईला भामामामी करायचं मला नाही. ऑपरेशनमुळं लुळा होऊन पडायचा धोका असेल तर मी त्या टेबलावर झोपणार नाही, मग फुगा फुटो नाही तर राहो. आहे की नाही, एवढंच लिही. तुझं ज्ञान तुझ्याजवळ ठेव.

भावावर माया असेल तर ती उत्तरात दिसू दे.
तुझा,
पुंडलिक


भावसिंगपुरा
दि. १८ सप्टेंबर २०२४

चि. पुंडलिकास,

जयभीम. तब्येतीची विचारपूस करत नाही, ती मला तुझ्यापेक्षा जास्त कळते.

म्हणजे माझ्या दारावरून गेलास आणि आत आला नाहीस. धन्य आहे. त्या सर्जनला पोरगा म्हणतोस, तो पोरगा माझ्यासमोर टाके घालायला शिकला. पहिल्या दिवशी त्याचे हात असे थरथरत होते की मी त्याला बाहेर काढून पाणी प्यायला पाठवलं होतं. आज पुण्याहून लोक त्याच्याकडं येतात. तो हसला, कारण तुझा प्रश्न दर दुसरा पेशंट विचारतो आणि दर वेळी विचारणाऱ्याला वाटतं की आपणच पहिले शहाणे. बोलायला त्याला येत नाही, हे खरं. शिवायला येतं. तुला पोवाडा ऐकायचा आहे की नळी बसवायची आहे?

आता आकडे. ह्या ऑपरेशनमध्ये शंभरातले तीन-चार दगावतात. बाकीचे चालत घरी जातात. ऑपरेशन केलं नाही, तर तुझ्या मापाची महाधमनी शंभरातल्या चौदा-पंधरा जणांचा वर्षभरात घात करते, पुढच्या वर्षी पुन्हा तितक्यांचाच, आणि माप वाढलं की आणखी. तू पोस्टात होतास, बेरीज येत असावी. अशा फाटलेल्या धमन्या मी टेबलावर पाहिल्या आहेत. छाती उघडली की काय होतं ते लिहीत नाही. तुझ्यासारखेच शूर लोक होते सगळे, मरायची भीती नसलेले.

तू विचारलंस त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. सांडूमामांचं दुखणं डोक्याचं होतं. तुझं ऑपरेशन छातीचं आहे. हातापायांचा आणि त्याचा संबंध येत नाही. तू अगदी निश्चिंत राहा. काही होणार नाही, बाळा.

तेव्हा नाटकं पुरे. संघपालला तारीख घ्यायला सांग. रक्त देणारी सहा माणसं लागतील, तीही धडधाकट. तुझ्या ओट्यावर दिवसभर तंबाखू चोळत बसणारी मंडळी चालणार नाहीत.

शिव्यांसकट माझी माया मान्य कर.
तुझी,
रत्नमालाताई


देवगाव रंगारी
दि. २७ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,

सविनय जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. ऑपरेशन करून घेतो. तारीख २२ ऑक्टोबर मिळाली आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथल्या विहारात मी पंचशील म्हणायला असतोच, तो कार्यक्रम पार पाडून येईन. डॉक्टरनं तेवढी मुभा दिली आहे, भाषण करायचं नाही ह्या अटीवर. गावानं त्याचे आभार मानले.

ही बातमी गावात फुटल्यापासून घरी वैद्यांची रीघ लागली आहे. काल सर्जेराव आला. हा तोच, ज्यानं आपल्या गुडघ्यावर चार वर्षं बिबा लावून शेवटी काठी धरली. तो म्हणे, अर्जुनाची साल उकळून पी मास्तर, धमनी आपसूक आकसती. मी म्हणालो, आधी गुडघा आकसून दाखव. रागावून गेला. आता तो रक्त द्यायला येणार नाही, पण त्याचं रक्त घेऊन मला अर्जुनाच्या सालीवर विश्वास बसला असता, ते जास्त वाईट. तुझ्या अटीत बसणारी सहा पोरं संघपालनं बघितली आहेत.

ऑपरेशनच्या वेळी दाराशी उभी राहणार असशील तर एक सांगतो. आत डोकावून त्या पोराला सूचना देऊ नकोस. त्याचे हात पुन्हा थरथरले तर नळी माझ्या छातीत आहे, तुझ्या नाही.

भेटीत भांडण झालं तरी प्रेम आहे तसंच राहो.
तुझा,
पुंडलिक


देवगाव रंगारी
दि. ६ जानेवारी २०२५

ती. ताईंना,

गीताबाईचा जयभीम. मला तुमच्या दोघांवानी झोकदार लिहिता येत नाय. बोलते तसं लिहिते.

ऑपरेशन झालं त्याला आता अडीच महिने झाले. नऊ तास तुम्ही थिएटरच्या दाराशी उभ्या होत्या, पाण्याचा घोट घेतला नाय. नळी झकास बसली, हृदय चालू झालं, डॉक्टरनं बाहेर येऊन सांगितलं, तवा तुम्ही मला मिठी मारली. तिसऱ्या दिवशी हे शुद्धीवर आले आन् उजवा हात उचलंना. डॉक्टर म्हणला, ऑपरेशनमधी रक्ताची बारीक गुठळी मेंदूत गेली. तुम्ही तिथंच उभ्या होत्या. पिशवी उचलली आन् निघून गेल्या. तवापासून फोन घेत नाय, चिठ्ठी नाय, वीस दिवसांनी आम्ही घरी आलो तवाही तुम्ही नाय.

सव्वीस वर्षं दुसऱ्यांची दुखणी काढली म्हणून टेंभा मिरवता, आन् सख्ख्या भावाचा हात गेला तर तोंड लपवता व्हय? परक्या माणसानं असं केलं असतं तर तुम्हीच त्याची सालटी काढली असती.

छातीचं सगळं ठीक हाय. नवीन स्कॅन चांगला आला. चालतात, बोलतात, माझ्यावर खेकसतात. हात तेवढा मांडीवर पडून असतो. व्यायाम शिकवाया तालुक्याहून एक पोरगी येती, तिला शिव्या घालून हाकलून देतात. मला त्यांचा हात पिरगळायचा धीर होत नाय. लई दिवस झाले, रोज पोस्टमनची वाट बघतात आन् मला म्हणतात, बघत नाय.

यायचं नसंल तर तसं कळवा. म्हणजे मी तरी आशा सोडीन.

आपली,
गीताबाई


भावसिंगपुरा
दि. १३ जानेवारी २०२५

चि. पुंडलिकास,

जयभीम. आशीर्वाद द्यायची लाज वाटते, म्हणून आज देत नाही.

गीताबाईचं पत्र मिळालं. तिनं लिहिलं ते सगळं बरोबर आहे आणि तरी कमी आहे. तिला माहीत नाही ते तुला सांगते.

तू सप्टेंबरात मला एकच गोष्ट विचारली होतीस. मी ‘नाही’ असं उत्तर दिलं. ते खोटं होतं. ह्या ऑपरेशनमध्ये शंभरातल्या तीन-चार जणांना मेंदूचा झटका येतो. कुणाचा हात जातो, कुणाची वाचा जाते, काही जण सांडूमामांसारखे होतात. मला हे तोंडपाठ होतं. ज्युनियर डॉक्टर घाईघाईनं पेशंटची सही घ्यायचे, तेव्हा मी त्यांच्या हातातून कागद काढून घ्यायची आणि ओळन् ओळ वाचायला लावायची. जे लपवायचे त्यांची मला किळस यायची. अशा माणसांना मी वॉर्डात चारचौघांत झोडलेलं आहे.

आणि स्वतःच्या भावाच्या बाबतीत मी तेच केलं. खरं लिहिलं असतं तर तू ऑपरेशन केलं नसतंस, हे मला दिसत होतं. तुझा निर्णय तुझा होता. तो मी तुझ्या हातातून काढून घेतला, आणि नेमका तुझा हातच गेला. त्या दिवशी खाटेपाशी तू माझ्याकडं बघितलंस. तुला सगळं कळलं असं मला वाटलं. मी पळाले. अडुसष्टाव्या वर्षी एवढी भेकड निघेन असं वाटलं नव्हतं.

माफी मागत नाही. माझी कुणी अशी माफी मागितली असती तर मी त्याला दारात उभं केलं नसतं. तुला मी नकोशी झाले असेन तर उत्तर देऊ नकोस. मी समजेन.

लोभाची अपेक्षा न ठेवता,
रत्नमाला


देवगाव रंगारी
दि. २५ जानेवारी २०२५

ती. ताईस,

सविनय जयभीम. हे पत्र डाव्या हातानं लिहितो आहे. सहा दिवस लागले. अक्षराला हसायचं नाही.

तुझं पत्र वाचलं. इतकं रडकं पत्र आपल्या घराण्यात कुणी लिहिलं नसेल. तुला काय वाटतं, तुझ्या दोन ओळींवर मी छाती उघडून घेतली? अडतीस वर्षं खिडकीपलीकडच्या माणसाला मी सांगत आलो, वाचल्याशिवाय अंगठा लावू नको. आणि मी न वाचता लावीन?

तुला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही. अख्ख्या पत्रात मला झोडपलंस आणि नेमकं त्या जागी बाळा म्हणालीस. साठ वर्षांत तू मला बाळा म्हटलेलं नाही. मी तेव्हाच समजलो की धोका आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या पोरानं कागद आणला. मी त्याला बसवलं आणि सगळं वाचून घेतलं. मृत्यू, झटका, हात, वाचा, मूत्रपिंड, सगळं. संघपाल आणि गीताबाई खाली चहाला गेले होते. मी विचारलं, माझ्या बहिणीला हे ठाऊक असेल का? तो म्हणाला, सिस्टरना? कागद वाचून दाखवायला आम्हाला त्यांनीच शिकवलं. मग मी अर्धा तास घेतला. सांडूमामा आठवले. उठून घरी यायचं असं मनात आलंही. पण जन्मभर तोंडावर खरं फेकणारी बाई माझ्यासाठी खोटं बोलली, एवढी ती घाबरली होती. मी जगावं असं कुणाला इतकं वाटतं हे मला माहीत नव्हतं. गीताबाईला वाटतं, पण ती बोलून दाखवते. मी सही केली. तेव्हा हात चांगला होता, सही झोकदार आली.

म्हणून सांगतो, हात माझा गेला आणि निर्णयही माझाच होता. त्यात तुझा वाटा काढू नकोस. खाटेवर मी तुझ्याकडं बघितलं ते पाणी मागायला. तू पिशवी घेऊन चालती झालीस. सिस्टर कसली.

ती व्यायामाची पोरगी फार मऊ आहे. दुखतं का काका विचारते आणि मी हो म्हटलं की थांबते. गीताबाई रडते. इथं दयामाया नसलेलं माणूस पाहिजे, म्हणून तुझी आठवण झाली. डॉक्टर म्हणतो, पहिल्या सहा महिन्यांत जे परत येईल ते येईल. त्यातले तीन तू तोंड लपवण्यात घालवलेस. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं ये आणि हात पिरगळायला लाग. मी ओरडलो तरी थांबू नकोस.

तुझा,
पुंडलिक